चार थेंब पेपरमिंट आणि पत्रातली मधलीच एक ओळ

पत्र (लांब होतं, थोडं छाटलंय):

"मावशी, नमस्कार. मी इचलकरंजीची. सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत, दोन वर्षं झाली पोटात मुरडा येतो, गॅस धरतो, कधी जुलाब तर कधी तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, सोनोग्राफीत पित्ताशयात एक बारीक खडा दिसला पण त्याला आत्ता काही करायचं नाही म्हणाले, बाकी हे आयबीएस आहे, म्हणजे आतड्यात दुसरा काही बिघाड सापडत नाही पण पोट असं त्रास देत राहतं. आमच्या मोठ्या जाऊबाई तेलांचं काम करतात, माणसं जोडायची असतात ना तसलं. त्यांनी पेपरमिंट ऑइलची बाटली आणून दिलीय, रोज सकाळी कोमट पाण्यातून चार थेंब द्यायचे म्हणतात. माझं बाळ सात महिन्यांचं आहे, त्याला सर्दी झाली की छातीला लाव आणि रुमालावर दोन थेंब टाकून उशाशी ठेव असंही सांगतात. मी नाही म्हटलं तर म्हणतात पिरॅमिडमध्ये सापडलंय हे, पाच हजार वर्षं लोक वापरतायत, तुला जास्त कळतं का. आणि मला स्वतःला डोकं दुखताना कपाळाला लावलं तर खरंच बरं वाटतं, त्यामुळे तोंड उघडायची सोय नाही. काय करू? – धाकटी सून"

अगं धाकटे,

आधी बाळाचं, बाकी सगळं नंतर. रुमाल उचल, बाटली कपाटात वर ठेव आणि बाळाच्या छातीला, नाकाला, उशीला यातला एक थेंबसुद्धा लावू नकोस. जाऊबाई रागावल्या तर रागावू देत. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ मेंथॉलचा, म्हणजे पेपरमिंट तेलातल्या त्या गार लागणाऱ्या घटकाचा, उग्र वास गेला तर घशाचा स्नायू आकसून श्वास अडकू शकतो, क्षणभर थांबूही शकतो, आणि ही काही मी घाबरवायला सांगत नाहीये, छातीला चोळायच्या बामच्या डबीमागे बारीक अक्षरात वय लिहिलेलं असतं बघ, ते उगीच नाही लिहिलेलं. त्यात कापूर असेल तर आणखी वाईट, कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. नाक चोंदलंय तर मेडिकलमध्ये साध्या सलाइनचे नाकाचे थेंब मिळतात, दूध पाजायच्या आधी घाल, मोकळं होतं. श्वास भरभर चालला, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला किंवा दूध ओढेना, तर माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, सरळ डॉक्टर.

आणि गंमत सांगू का, मोठ्या माणसाचंसुद्धा नाक याने उघडत नाही. उघडल्यासारखं वाटतं. ब्रिटनमधल्या कार्डिफला रॉन एकल्स म्हणून सर्दीवर आयुष्य घालवलेले संशोधक, त्यांनी १९८० च्या दशकात लोकांना मेंथॉल हुंगायला देऊन नाकातून हवा जायला किती अडथळा होतो ते यंत्राने मोजलं, तर अडथळा होता तेवढाच, लोक मात्र म्हणतायत वा, मोकळं झालं! कारण मेंथॉल थंडावा आणत नाही, थंडाव्याची खोटी बातमी पोचवतं. आपल्या त्वचेत नि नाकाच्या आतल्या अस्तरात गारवा ओळखणारा एक रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा प्रथिनाचा कण असतो, टीआरपीएम८ त्याचं नाव, मेंथॉल त्यालाच जाऊन चिकटतं आणि मेंदूला फोन जातो की गार हवा आली. २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांनी आपापल्या प्रयोगशाळांत हे मेंथॉल वापरूनच शोधलं, पुढे स्पर्श-तापमानाच्या संशोधनासाठी दोघांना २०२१ चं नोबेल मिळालं. मी एकदा ऐन मे महिन्यात अंघोळीच्या बादलीत पाच-सहा थेंब टाकले होते, हौस. पाणी चांगलं कढत होतं आणि मी दात वाजवत बाहेर आले, टॉवेल गुंडाळून उन्हात बसले, नवरा म्हणतो ताप आला का. तर ते असं आहे प्रकरण.

आता पिरॅमिड. जाऊबाईंशी भांडायला हे लागेलच तुला म्हणून सविस्तर सांगते, आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाही यात रस आहे, सव्वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी होते, मागच्या फळीवर ही बाटली कायम असायची.

पुदिना जुना आहे, याबद्दल वादच नाही. ग्रीकांकडे तर गोष्टच आहे, मिंथा नावाची अप्सरा, पाताळाचा राजा तिच्यावर भाळला म्हणून त्याच्या राणीने तिला तुडवून तिचं रोप केलं. आपल्याकडे वृंदेची तुळस झाली तशीच. आणि योगायोग असा की तुळस आणि पुदिना खरंच एका कुळातले, चटणीला आणलेल्या जुडीतली एक काडी घे आणि बोटांत फिरव, गोल नाही लागणार, चौकोनी लागेल, कडा जाणवतील. मग अंगणातल्या तुळशीची कोवळी काडी फिरवून बघ. तीच गत. सब्जाचं रोप असेल तर तेही.

पण पुदिना म्हणजे पेपरमिंट नव्हे! पेपरमिंट हे मिश्र रोप आहे, ओढ्याकाठी वाढणारा पाणपुदिना आणि स्पिअरमिंट, म्हणजे साधारण आपल्या चटणीतल्या जातकुळीतला, या दोघांचा संकर. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरला ते सापडलं आणि जॉन रे या वनस्पतीशास्त्रज्ञाने १६९६ मध्ये त्याची नोंद केली, चव मिरीसारखी झणझणीत म्हणून नावात पेपर. १७२१ मध्ये ते लंडनच्या अधिकृत औषधसंहितेत आलं, १७५३ ला वनस्पतींना लॅटिन नावं देणाऱ्या लिनियसने मेंथा पिपेरिटा नाव दिलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या नंतरची नोंद आहे ही, फॅरोचा काळ कुठे! त्याआधी कुठल्या ओढ्याकाठी ते उगवलं नसेलच असं नाही, पण पिरॅमिडमधल्या पुदिन्याच्या नावावर आजची बाटली विकणं म्हणजे आजोबांच्या पुण्याईवर नातवाने उधारी मागण्यासारखं आहे.

आणि हे रोप खेचरासारखं आहे, वांझ. बी धरतच नाही म्हण ना. मग वाढतं कसं, तर जमिनीवर धावणाऱ्या मुळ्या तोडून लावायच्या. लंडनच्या दक्षिणेला मिचम म्हणून गाव आहे, तिथे १७५० च्या आसपास शेती सुरू झाली, लॅव्हेंडर आणि पेपरमिंट, आणि तिथला काळसर देठाचा वाण, ब्लॅक मिचम, तोच मुळ्यांच्या जुड्या करकरून अमेरिकेत गेला. न्यूयॉर्क राज्यातल्या लायन्स गावच्या हॉचकिसने तेल गाळून युरोपला विकलं, १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात पदक मिळवलं आणि ते पदक बाटलीच्या लेबलवर छापलं, मार्केटिंग काही आजचं नाही बघ. मग मिशिगनमधल्या कॅलमझूचा अल्बर्ट टॉड, पेपरमिंट किंगच म्हणायचे त्याला, पुढे खासदारही झाला. त्या काळातही तेलात टर्पेंटाइनची भेसळ चालायची आणि शुद्ध तेल देतो हेच टॉडचं भांडवल. नंतर पिकाला मर रोग लागला, जमिनीतली बुरशी, आणि वांझ रोपाचा संकर तरी कसा करणार, तर १९५० च्या दशकात मुळ्यांवर अणुभट्टीतलं रेडिएशन सोडून त्यातून तग धरणारं रोप निवडलं, १९७१ ला तो वाण बाजारात आला. पाच हजार वर्षांच्या नैसर्गिक परंपरेत हे कुठे बसवायचं ते जाऊबाईंना विचार.

(अजून एक, याचा तुझ्या प्रश्नाशी काही संबंध नाही पण राहवत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिकडचे प्लंबर घराचे पाइप तपासायला पेपरमिंटचं तेल वापरायचे. एक जण गच्चीवरून पाइपात थोडं तेल आणि गरम पाणी ओतायचा, दुसरा घरात खोल्याखोल्यांतून हुंगत फिरायचा, जिथे वास आला तिथे गळती. आणि तेल ओतणाऱ्याने काम होईपर्यंत खाली यायचं नाही, कारण त्याच्या कपड्यांनाच एवढा वास की सगळा तपास फुकट.)

आता आपल्याकडचं, कारण तुझ्या बाटलीचा संबंध इथे आहे. भारतात जो मेंथा पिकतो तो बहुतेक पेपरमिंट नसतोच, तो जपानी पुदिना, मेंथा अर्वेन्सिस. १९५० च्या दशकात तो जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेमार्फत इथे आला, पुढे लखनौच्या सीमॅप संस्थेने शिवालिक, कोसी असे वाण काढले आणि उत्तर प्रदेशात बाराबंकी, रामपूर, बदायूँ, चंदौसी हा पट्टाच त्याचा झाला. गव्हाच्या नि भाताच्या मधल्या दिवसांत पीक निघतं, शेताच्या कडेला टाकीत पाला कोंबून वाफ काढतात, वाफ थंड झाली की वर तेल तरंगतं. तिकडचा शेतकरीही त्याला पिपरमिंटच म्हणतो, त्यामुळे सगळा घोळ. अर्वेन्सिसच्या तेलात मेंथॉल सत्तर-ऐंशी टक्के, तर खऱ्या पेपरमिंट तेलात युरोपियन औषधसंहितेप्रमाणे तीस ते पंचावन्न टक्के आणि बाकी मेंथोन वगैरे. म्हणजे दोन्हीकडचे चार थेंब म्हणजे एकच गोष्ट नाही. तुझ्या बाटलीवर लॅटिन नाव आहे का बघ, पिपेरिटा का अर्वेन्सिस. आणि काहीच नसेल, नुसतं पानाचं चित्र आणि शंभर टक्के प्युअर असेल, तर ती पोटात घ्यायची वस्तू नाही, विषय संपला.

आणि हो, आपल्या घरांत हे वेगळ्या रूपाने आधीपासून आहेच. पिपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या, पानवाल्याच्या डबीतला तो चमकणारा खडा, आणि अमृतधारा. आमच्या घरी आजोबा अमृतधारा करायचे. कापूर, पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉलचे खडे आणि ओव्याचं सत्त्व म्हणजे थायमॉल, तिन्ही सारखे घेऊन काचेच्या बुचाच्या बाटलीत टाकायचे आणि नुसतं हलवायचं. ना पाणी, ना चूल. आधी खडखड वाजायचं, मग खडे एकमेकांना चिकटायचे, कडेने ओलसर व्हायचे, आणि थोड्या वेळाने बाटलीत नुसतं पाण्यासारखं. मी तासन्तास बघत बसायचे. मेंथॉल ४२ अंशांच्या आसपास वितळतं, थायमॉल ५० ला, कापूर तर १७५ च्या वर, पण तिघं एकत्र आले की कुणालाच घट्ट राहता येत नाही. एकत्र कुटुंबाचं असंच होतं म्हणायचे आजोबा. पण तेही आम्हा पोरांना बाटलीला हात लावू द्यायचे नाहीत, आणि तूही घरात असेल तर बाळापासून लांब ठेव, कापराचं वर सांगितलंच.

बरं, आता सासूबाई.

जाऊबाई पूर्ण चूक नाहीत, हे मान्य करूनच बोल त्यांच्याशी. आयबीएसवर पेपरमिंट तेल हे खरं औषध आहे. १९७९ मध्ये, परत कार्डिफच, रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ रुग्णांवर कॅप्सूलमधून देऊन बघितलं आणि ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं, तेव्हापासून यावर अभ्यास चालू आहेत. आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूला आकसायला कॅल्शियम आत यावं लागतं, मेंथॉल ती वाट अडवतं, स्नायू सैल पडतो, मुरडा कमी. जपानमध्ये तर दुर्बिणीतून जठर बघताना ते आकसू नये म्हणून पेपरमिंट तेलाचं द्रावण आत फवारून बघितलंय. तरी चमत्कार नाही हं. नेदरलँड्समध्ये २०२० ला १९० जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, त्यात आधीच ठरवलेल्या मुख्य मोजमापावर डमी कॅप्सूलपेक्षा ठाम फरक सिद्ध झाला नाही, दुखण्याची तीव्रता मात्र जरा जास्त उतरली. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या शिफारशीत पुरावा कच्चा आहे असं म्हणूनच, देऊन बघायला हरकत नाही असं लिहिलं. काहींना गुण येतो, काहींना नाही, एवढंच.

पण हे सगळं कॅप्सूलचं. आणि कॅप्सूलवर असं आवरण असतं की ते जठरात विरघळत नाही, पुढे आतड्यात गेल्यावर उघडतं. एका कॅप्सूलमध्ये तेल साधारण ०.२ मिली, म्हणजे ड्रॉपरने चार-पाच थेंबच. तेव्हा जाऊबाईंचा आकडा कुठूनतरी बरोबर आलाय, रस्ता चुकलाय. पाण्यात टाकलेलं तेल मिसळत नाही, वर तरंगतं, पहिल्या घोटालाच सगळं तोंडात नि घशात, मग जठरात जाऊन तिथलीच झडप सैल करतं, अन्ननलिका आणि जठराच्या मधली, आणि आंबट वर येतं. आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच तमाशा. काउंटरवर मी हे किती वेळा बघितलंय, माणूस गॅसवर म्हणून थेंब घेतो आणि दुसऱ्या दिवशी छातीत जळजळ म्हणून गोळी मागायला येतो. कॅप्सूलसुद्धा अँटासिडबरोबर घ्यायची नसते, आम्ल कमी झालं की आवरण वरच विरघळतं. चावायची नाही, फोडायची नाही, जेवणाच्या अर्धा-एक तास आधी पाण्याबरोबर गिळायची.

एवढं सगळं वाचून तू म्हणशील, मग कॅप्सूल आणू का?

नको. तुझ्या पत्रात मध्येच एक ओळ होती, तू सहज लिहून गेलीस, पित्ताशयात बारीक खडा. मी ते पत्र तीनदा वाचलं ते त्या ओळीसाठी. पेपरमिंट पित्ताच्या वाहण्यावरही परिणाम करतं आणि युरोपच्या औषध संस्थेने या तेलाच्या माहितीपत्रकात लिहून ठेवलंय की पित्तखडे, पित्तनलिकेचा विकार किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांनी ते पोटातून घेऊ नये. खडा बारीक आहे, शांत बसलाय, डॉक्टर म्हणाले राहू दे, ते बरोबरच. पण डॉक्टरांनी राहू दे म्हटलं तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं की रोज सकाळी हे तेल जाणार आहे. उजव्या बरगडीखाली कळ, पाठीत सणक, उलटी किंवा डोळे पिवळे असं काही झालं तर उशीर नको. आणि आत्तापर्यंत किती दिवस थेंब दिलेत ते खरं खरं डॉक्टरांना सांगा, घरगुती आहे म्हणून लपवू नका, लोक हटकून हेच लपवतात.

जाऊबाईंना मी तरी इतिहासावरून सुरुवात करणार नाही, मजा येते पण चिडतील. सोनोग्राफीचा कागद पुढे ठेव, म्हण वहिनी, तेल चांगलं आहे पण आईंना खडा आहे, तुमच्या कंपनीच्या कागदावर पित्तखड्यांचं काय लिहिलंय तेवढं दाखवा. बहुतेक काही लिहिलेलं नसेल. तिथेच बोलणं मिटतं. शिवाय वजन उतरलं, शौचातून रक्त पडलं, रात्री झोपेतून दुखण्याने उठावं लागलं किंवा हिमोग्लोबिन खाली आलं, तर आयबीएस म्हणून बसून राहायचं नाही, पुन्हा दाखवायचं, कारण सासूबाईंचं हे दुखणं पन्नाशीनंतर सुरू झालेलं आहे.

राहिलं तुझं डोकं. तुला बरं वाटतं ते मनाचे खेळ नाहीत. जर्मनीत कील इथल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये ४१ जणांवर बघितलं, स्पिरिटमधलं दहा टक्के पेपरमिंट तेल कपाळाला नि कानशिलांना लावलं तर ताणाच्या डोकेदुखीत १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलइतकाच आराम पडला. तेव्हा लाव खुशाल. फक्त बाटलीतलं तेल थेट लावू नकोस, चमचाभर खोबरेल तेलात तीन-चार थेंब पुरे, डोळ्यांपासून लांब, आणि लगेच साबणाने हात धू. मी एकदा न धुता काजळ घालायला गेले होते, पुढचं सांगत नाही. बाळाला जवळ घ्यायच्या आधी कपाळही पुसून घे, ते तोंड लावतंच तिथे. आणि रोजच दुखत असेल तर बीपी आणि डोळ्यांचा नंबर तपास, रात्री तीनदा उठतेस म्हणून दुखत असेल तर मात्र त्याला माझ्याकडे तेल नाही, नवऱ्याला उठव.

सोनोग्राफीचा कागद शोधून ठेव आजच.

– मावशी